संगणकातील बाळंतपणाबाबत

मगदूमअण्णांचा कॉम्प्युटर पहिल्यांदा आपला आपण बंद होऊन पुन्हा चालू झाला तेव्हा अण्णा म्हणाले, "अपडेट असतं ते. होऊ दे." दुसऱ्यांदा झाला तेव्हा म्हणाले, "मोठं अपडेट दिसतंय." तिसऱ्यांदा झाला तेव्हा मात्र त्यांच्या बायकोने, गुणमालाअक्कांनी, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आवं, ह्याला अपडेट व्हायचं असंल तर माझा सरावाचा पेपर सुरू व्हायच्या आधी होऊन घे म्हणावं की. निम्म्यावर आले की ह्याचं आपलं पहिल्यापासनं सुरू."

"मला माहिताय ते," अण्णा म्हणाले.

अण्णांना सगळं माहीत असायचं. आदगोंडा मगदूम हे पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. सरकारी कचेरीत शिपाई 'मला माहीत नाही' म्हणू शकतो, साहेबाला कुणी विचारतच नाही. मधल्या हेडक्लार्कला मात्र माहीत असल्यासारखा चेहरा करून बसावं लागतं. तसा चेहरा करून नोकरी संपली, पण चेहरा काही उतरला नाही. सांगलीत कुपवाड रस्त्याच्या बाजूला त्यांची कॉलनी. तिथे कुणाची मोटर जळो, कुणाच्या लिंबावर कीड पडो, अण्णा फाटकाशी येऊन "मला माहिताय" म्हणायचे. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

पण या वेळी प्रकरण घरचं होतं आणि नाजूक होतं. बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पाठशाळेत दर रविवारी मुलांना शिकवायला कुणीतरी बाई हव्या होत्या. अक्कांना ते काम फार मनापासून हवं होतं, इतकं की त्या कुणाला बोलूनसुद्धा दाखवत नसत. कमिटीचं म्हणणं, धर्मपरीक्षा मंडळाची शेवटची परीक्षा पास झालेली बाईच पाहिजे. ती परीक्षा वर्षातून एकदा. त्यात मंडळाने यंदापासून कागद-पेन बंद करून परीक्षा घरबसल्या, कॉम्प्युटरवर, कॅमेऱ्यासमोर घ्यायचं ठरवलेलं. नववीत शाळा सुटलेल्या अक्का साठी उलटल्यावर एका बोटाने टाईप करायला शिकल्या. 'ज्ञ' सापडला त्या दिवशी त्यांनी शिरा केला होता. साताऱ्याला दिलेल्या लेकीने, दीपालीने, कॅमेरा पाठवला, नाव नोंदवून दिलं. पावसाळ्याच्या तोंडाला दोघं महिनाभर तिच्याकडे साताऱ्याला राहूनही आली. परत येऊन बघतात तर मशीनला हा रोग. आणि परीक्षा येत्या रविवारी.

बातमी कुंपणावरून शेजारी गेली. शेजारी म्हणजे लालासाहेब. मूळचे कडेगावचे, फौजेतून सुभेदार म्हणून आलेले. फौजेने त्यांना शिस्त दिली, हिंदी दिली आणि कुठल्याही संकटात खड्डा खणायची सवय दिली.

"अण्णा, अर्थिंग!" ते कुंपणावर हात ठेवून म्हणाले. "घरला अर्थिंग न्हाई बराबर, तर मशीन टिकंल कसं? आमच्या युनिटला वायरलेस असाच झटकं द्यायचा. खड्डा मारला, मीठ-कोळसा भरला, मामला खतम. तुमी बसा, मी कुदळ घिऊन आलोच."

"मला माहिताय ते, अर्थिंगच असणार," अण्णा म्हणाले. कुणी दुसऱ्याने सांगितलेली गोष्टही अण्णांना आधीपासून माहीत असायची.

लालासाहेबांनी खणायला घेतलं. थोडं खाली गेल्यावर खड्ड्यातून पाणी उसळलं. "वा, गड्या!" लालासाहेब खूश झाले. "जमिनीला वल हाय. अर्थिंगला झकास!" ओल म्हणता म्हणता पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं, तेव्हा कुठे ध्यानात आलं की कुदळ कॉलनीच्या पाइपलाइनवर बसली होती.

महापालिकेचा माणूस आला. पाइप कुणी फोडला म्हणून विचारू लागला. कॉलनी कुणाचं नाव घेईना. अण्णांनीही "जुनी लाईन आहे, गंजली असेल" असा एक खात्यातला मसुदा तयार ठेवला होता. पण अक्कांनी या चातुर्मासात महाराजांकडून खोटं न बोलण्याचा नेम घेतलेला. त्या ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी आणि सुभेदारांनी. कुदळीनं." झालं. नंतर दोन दिवस कॉलनीतल्या बायका अण्णांच्या फाटकावरून जाताना रिकामी घागर मुद्दाम गजाला लावून वाजवत जात होत्या. अण्णा आत पेपर उघडून बसत आणि पान उलटायला विसरत.

मग अण्णा वीज कचेरीत गेले. व्होल्टेज कमी-जास्त होत असावं असा त्यांचा अंदाज, आणि अर्ज द्यायचा म्हटलं की त्यांना तसाही हुरूप येई. खिडकीतल्या गृहस्थाने अर्ज वाचला आणि विचारलं, "कमी होतं का जास्त होतं?"

"ते तुम्ही बघायचं."

"बघतो की. पण अर्जात लिहिलेलं नाही. मीटर लावून आधी मोजायला पाहिजे."

"मग मोजा."

"मोजायचं मीटर लाईनमनकडे असतंय. लाईनमन उंब्रजला सासुरवाडीला गेलाय, आखाडाचं जेवण आहे."

"आणि मीटर?"

"ते त्याच्या पिशवीत."

अण्णांना राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर आपल्याच जुन्या खात्यात आल्यासारखं वाटून त्यांना जरा भरून आलं. ते पोच घेऊन घरी आले. कॉम्प्युटर मात्र पोच बघून सुधारला नाही.

शेवटी मिरज रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या जिनेंद्रला बोलावलं. जिनेंद्र मेकॅनिक खरा, पण आजार तपासण्याआधी तो आधीच्या डॉक्टरला शिव्या घालणाऱ्यांतला. आल्या आल्या त्याने विचारलं, "आधी कुणी हात लावलाय का ह्याला?"

"कुणीच नाही."

हे ऐकून त्याचा उत्साहच गेला. "मग रॅम असणार. खोलून बघू," म्हणत त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला, तसे अण्णा मधे आले. कॉम्प्युटरच्या डब्याच्या कडेला एक पिवळं पडलेलं स्टिकर होतं. हे काढल्यास वॉरंटी रद्द, असं त्यावर छापलेलं.

"सील आहे."

"अण्णा, वॉरंटी संपून किती वर्षं झाली! ती कंपनीच बंद पडली."

"कंपनी बंद पडली असेल. सील चालू आहे."

पाटबंधाऱ्यात ज्यांनी उभ्या नोकरीत एक सील पंचनाम्याशिवाय फोडलं नाही, त्यांना काय समजवणार? जिनेंद्रने डबा न उघडता बाहेरून जेवढं करता येईल तेवढं केलं, म्हणजे आतलं सगळं पुसून विंडोज नव्याने भरलं. त्यात अक्कांचा मराठी कीबोर्ड गेला, नातवाचे फोटो गेले आणि नवा कीबोर्ड घातला त्यात 'ज्ञ' पुन्हा हरवला. अर्ध्या पेपराला पडदा काळा होऊन पुन्हा निळा झाला, तो झालाच.

या सगळ्या दिवसांत सराव मात्र चालू होता. अक्का पडद्यापुढे बसत. मशीन मेलं की ते उठून बसेपर्यंत डोळे मिटून तोंडपाठ म्हणत. आणि अण्णा, मशीन कधी बंद पडतं ते बघायच्या निमित्ताने, शेजारी खुर्ची टाकून पुस्तक धरून बसत. अक्का अडल्या तर पुढचा शब्द सांगत. बंद पडण्याचं कारण काही सापडलं नाही, पण पुस्तक दोघांचं झालं.

शुक्रवारी दुपारी अक्कांनी सहज डब्यावर हात ठेवला. "आवं, ह्याला ताप हाय," त्या म्हणाल्या. "केवढा तापलाय! आत काय झालंय ते बघितल्याबिगर औषध कसलं देताय?" आणि अण्णा "सील" म्हणेपर्यंत त्यांनी नखाने स्टिकर सोललं. इतक्या वर्षांचा कायदा केळीच्या सालीसारखा निघून आला. अण्णांनी जिनेंद्रला फोन केला, तो आला, स्क्रू काढले, बाजूचा पत्रा बाजूला केला.

आत बाळंतपण चालू होतं.

प्रोसेसरच्या डोक्यावर त्याला गार ठेवणारा पंखा असतो. त्या पंख्याच्या पात्यावर, खालच्या जाळीवर आणि शेजारच्या बोर्डावर, तिन्हींना मिळून, चिखलाची बोटभर लांबीची घरं सुबक लिंपलेली होती. दोघं साताऱ्याला असताना मागच्या उघड्या फटीतून कुंभारीण माशी आत आली होती आणि शांत, कोरडी, बिनभाड्याची जागा बघून तिने संसार थाटला होता. पंखा जाम. मशीन तापायचं, तापलं की स्वतःला वाचवायला बंद व्हायचं, जरा निवलं की पुन्हा उठायचं. इतकं साधं होतं.

"हात्तिच्या!" जिनेंद्र म्हणाला आणि त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक चिखलाला लावलं.

"थांब!" अक्का अशा ओरडल्या की कुंपणापलीकडून लालासाहेब धावत आले. "आत पोरं हायत तिची. चार इंद्रियांचा जीव हाय तो. चातुर्मासात माझ्या घरात, माझ्या परीक्षेसाठी तुमी त्यांची घरं फोडणार?"

मग सगळे एकदम बोलू लागले.

जिनेंद्र म्हणाला, पंखाच अख्खा काढून ठेवू. बघितलं तर पंखा हलवला की चिखल तडकणार. तो म्हणाला, बाजूला दुसरा बसवू. तसला पंखा सोमवारशिवाय मिळणार नव्हता. लालासाहेबांनी वेगळीच बाजू मांडली. "वैनी, मी लडाखपासनं आसामपत्तोर किडं बघितल्यात. ही बया आत जित्तं कोळी भरून ठेवती, पोरांना खायला. लय खतरनाक! मांसाहारी हाय ती."

"तिचा धर्म तिच्यापाशी," अक्का म्हणाल्या. "आपण आपला बघायचा."

फोनवरून दीपालीने सुचवलं, "आई, अलगद सोडवून पेरूच्या झाडाला चिकटवा की."

"तुला साताऱ्याला दिलं तवा घर उपटून गोंदानं चिकटवलं हुतं का?" अक्कांनी फोन ठेवला.

आता अण्णांच्या अंगात हेडक्लार्क संचारला. त्यांनी मंडळाला ईमेलने अर्ज धाडला, तोही जिनेंद्रच्या दुकानातून. विषय, संगणकातील बाळंतपणामुळे परीक्षेस मुदतवाढ मिळणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, एका मातेने परीक्षार्थीच्या संगणकात घर बांधले असून सदर पिल्ले स्वतःच्या पंखांनी बाहेर पडेपर्यंत संगणक चालविणे धर्मास धरून होणार नाही, तरी योग्य तो विचार व्हावा. तासाभरात उत्तर आलं. बाळंतपणाच्या कारणासाठी रुग्णालयाचा दाखला जोडावा. अण्णांनी मग लालासाहेबांचा लॅपटॉप वापरायची परवानगी मागितली. उत्तर आलं, नोंदणी केलेल्या यंत्रावरच परीक्षा देता येईल, यंत्र बदलायचे असल्यास पुढील वर्षी नव्याने नोंदणी करावी. हे उत्तर अण्णांनी दोनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती, आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बिनचूक पत्राचा संताप आला.

ते घरी आले तेव्हा अक्कांनी पुस्तक कपड्यात बांधून कपाटात ठेवलं होतं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मशीन चालवलं तर त्या तापात पोरं शिजतील आत. असली परीक्षा पास हून मी मुलांना काय शिकवू? जीवदया?" आणि त्या दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा म्हणून आत गेल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर अण्णांना काहीतरी बोलता आलं असतं. ती बाई काही मागत नव्हती, रुसत नव्हती. मला माहिताय, एवढंसुद्धा त्यांच्या तोंडून निघेना.

शनिवारी सकाळी त्यांनी स्टुलावरचा टेबलफॅन आणून उघड्या डब्यापुढे लावला. मशीन झकास गार राहिलं. पण तो फॅन त्यांच्या लग्नातला. त्याची खडखड ऐकून परीक्षेचं सॉफ्टवेअर सारखं ठणाणा करू लागलं, खोलीत अन्य व्यक्तीचा आवाज येत आहे म्हणून. लालासाहेब फॅनला तेल घालू लागले, तसा फॅन कायमचाच शांत झाला.

अण्णा हताश होऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन बसले. अक्का खाली बसून तांदूळ पाखडत होत्या. सूप वर जायचं, खाली यायचं, आणि कोंडा वाऱ्याने भुर्रकन लांब जायचा. आवाज असा काही नाही. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "ते सूप जरा इकडे दे."

दुपारभर चाचणी झाली. अक्का पडद्यापुढे, अण्णा टेबलाखाली मांडी घालून, डब्यावर सूप हलवत. सराव पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत झाला. मशीन बंद पडलं नाही. अक्का खाली वाकल्या, चिखलाच्या घरांना बोटाची पाठ लावून बघितली आणि म्हणाल्या, "गार हायत." तेवढ्यावर त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. मंडळाचा नियम होता की खोलीत दुसरं कुणी दिसता कामा नये. अक्कांच्या मते, पंखा कुठला लावायचा ते मंडळाने कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि विचारलं तर त्या सांगणारच होत्या.

रविवार उजाडला. अक्का ठेवणीतली साडी नेसून बसल्या. लालासाहेबांनी खिडकीबाहेर पहारा घेतला, कुणी घंटी वाजवू नये म्हणून. अण्णा बनियनवर टेबलाखाली शिरले. पेपर सुरू झाला. सूप वर, सूप खाली. थोड्या वेळाने गुडघा दुखू लागला, मग कंबर, मग आजवर ज्यांची ओळखही नव्हती असे स्नायू. एक डास येऊन कानाच्या पाळीवर बसला. मारायचा प्रश्नच नव्हता, हाकलायला हात मोकळा नव्हता. अण्णांनी त्याला जेवू दिलं. पण त्या नादात हात बदलताना सुपाची कड टेबलाच्या वर गेली.

स्पीकरमधून मंडळाच्या पर्यवेक्षक बाईंचा आवाज आला. "परीक्षार्थी, आपल्या उजवीकडे काहीतरी हललं. ते काय आहे?"

"पाखडायचं सूप हाय," अक्का म्हणाल्या.

"सूप आपोआप कसं हललं?"

"आपोआप न्हाई. आमचे मालक हलवाय लागल्यात. टेबलाखाली बसून."

"कॅमेरा खाली करा," बाई म्हणाल्या.

अक्कांनी कॅमेरा खाली केला. कुणा पर्यवेक्षिकेने असलं दृश्य कधी पाहिलं नसेल. घामाने निथळणारे, बनियनवर मांडी घातलेले, हातात सूप घेतलेले एक वयस्कर गृहस्थ.

"आपण कोण?"

"आदगोंडा मगदूम, सेवानिवृत्त हेडक्लार्क, पाटबंधारे उपविभाग," म्हणत अण्णा सवयीने उभे राहायला गेले आणि टेबलाला डोकं आपटून पुन्हा बसले.

अक्कांनी सगळं सांगितलं. माशी, घरं, ताप, दाखला, सूप. बाईंनी ऐकून घेतलं. त्याही शेवटी जैनच असाव्यात, कारण माशीबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "पण नियम आहे," त्या म्हणाल्या. "उत्तरं सांगू शकेल अशी व्यक्ती खोलीत असेल तर मला पेपर रद्द करावा लागतो. यांना या विषयातलं काही येतं का?"

अक्कांनी प्रामाणिकपणे विचार केला. "माझ्या माहितीत तरी," त्या म्हणाल्या, "काही येत न्हाई."

एवढ्या वर्षांच्या संसारानंतर आपल्याबद्दल घरात काय मत आहे, ते अण्णांना असं टेबलाखाली कळलं.

"मी खात्री करते," बाई म्हणाल्या. "गृहस्थ, सहा द्रव्यं कोणती ती सांगा."

जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश, काल. सहाच्या सहा अण्णांच्या जिभेवर येऊन उभी राहिली. इतके दिवस शेजारी बसून पुस्तक धरलं होतं ते काय उगीच? परीक्षेला अण्णा बसले असते तर तेही पास झाले असते. आणि आता तर कधी नव्हे ती एक बाई, अधिकारी पदावरची, त्यांना सरळ प्रश्न विचारत होती, ज्याचं उत्तर त्यांना खरोखर, अगदी खरोखर माहीत होतं. असा योग त्यांच्या उभ्या नोकरीत आला नव्हता. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात त्यांनी वर बघितलं. अक्का त्यांच्याकडे ओशाळून बघत होत्या, बिचाऱ्यांची फजिती होतेय अशा नजरेने, आणि त्यांचा तो एका बोटाने टाईप करणारा हात कीबोर्डवर अर्ध्या शब्दावर थांबला होता.

"माहीत नाही," अण्णा म्हणाले.

"एखादं तरी?"

"एकही नाही."

"बस्तीत जाता ना?"

"रोज जातो."

"प्रवचन ऐकता?"

"बसतो. लक्ष नसतं."

खिडकीबाहेर लालासाहेबांना ठसका लागला.

"या वयात हे बरं नाही," बाई म्हणाल्या. "ठीक आहे. व्यक्ती विषयात पूर्ण अनभिज्ञ, अशी मी नोंद करते. आपण वारा घालत राहा."

अण्णा वारा घालत राहिले. कान लाल झाले होते, टाळूवर टेंगूळ आलं होतं, पण सुपाचा ताल चुकला नाही. मशीन शेवटपर्यंत जागं राहिलं. अक्कांनी शेवटचं बटण दाबलं, पेपर जमा झाल्याचं वाचलं, कॅमेरा बंद केला आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"पाच अस्तिकाय लिहिलं मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "का सहा हुतं?"

"पाचच. सहातलं काल सोडून," टेबलाखालून आवाज आला.

अक्का हळूच वाकल्या आणि टेबलाखाली बघू लागल्या.

"आवं! तुमाला येतंय!"

अण्णा सुपाच्या काड्यांकडे बघत बसले.

"मग मघाशी न्हाई का म्हणालासा?"

"येतं म्हणालो असतो तर तुझा पेपर गेला असता," अण्णा म्हणाले. "अगं, जन्मभर येत नसलेलं येतं म्हणत आलो. एकदा येत असलेलं नाही म्हणालो तर काय झालं? तू तिकडं कपाटात पुस्तक बांधून ठेवलंस ना, ते मला बघवलं नाही."

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पदराने पुसलं आणि मग चेहरा कडक केला. "खोटं ते खोटंच. उद्या एकाशन करा, दिवसात एकदाच जेवायचं."

"करतो."

"मी पण करते तुमच्यासंगं," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला, कारण अण्णांना एकट्याने उठता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात चिखलाच्या घरांना एकेक भोक पडलं आणि पोरं खिडकीतून निघून गेली. जिनेंद्रने रिकामी घरं खरवडून नवा पंखा बसवला आणि आपल्याला पहिल्यापासून पंख्याचाच संशय होता असं सांगून गेला. निकाल लागला. अक्का पास झाल्या, चांगल्या मार्कांनी झाल्या, आणि पाठशाळा त्यांना मिळाली. बस्तीच्या हॉलमध्ये छोटासा सत्कार ठेवला. शेजारी म्हणून लालासाहेबांनाही दोन शब्द बोलायला सांगितलं. फौजी माणूस; दोन शब्दांवर थांबतोय कशाला?

"वैनींचं कवतिक हायच," ते माईक धरून म्हणाले, "पर आमच्या अण्णांचं बी करा की! समद्या कॉलनीला अक्कल शिकवणारा माणूस, कॅमेऱ्यासमोर कबूल झाला, मला काय बी येत न्हाई! ह्या कानांनी ऐकलंय. मी म्हटलं, लेका, जैनाच्या घरात जन्मून एक बी द्रव्य सांगता येईना व्हय रं?"

सगळा हॉल हसला. पाठशाळेतली पोरंसुद्धा मान वळवून अण्णांकडे बघून हसली. फाटकावर घागरी वाजवणाऱ्या बायका तर पदर तोंडात घालून हसल्या. स्टेजवर बसलेल्या अक्कांचा चेहरा पडला. त्यांनी शाल बाजूला ठेवली, माईककडे बघितलं आणि उठायला लागल्या. तशी अण्णांनी, तिसऱ्या रांगेतून, हात जरासा खाली दाबून खूण केली. बस. अक्का क्षणभर तशाच अर्धवट उभ्या राहिल्या आणि मग बसल्या. अण्णाही बाकीच्यांबरोबर थोडंसं हसले.

परतताना अक्का दोन पावलं पुढेच चालत होत्या. मग कोपऱ्यावर थांबल्या.

"मी सांगायला पायजे हुतं."

"तुला कुणी विचारलं का?"

"न्हाई."

"मग झालं तर. विचारल्याशिवाय माहिती पुरवायची नाही, हा नियम आहे. तुझा नेम शाबूत आहे."

"आवं, पण लोक तुमाला अडाणी म्हणणार जन्मभर. मला बरं वाटत न्हाई त्ये."

"म्हणू देत." अण्णांनी त्यांच्या हातातली शाल-नारळाची पिशवी घेतली. "मला येतं, हे तुला माहिताय ना?"

"व्हय की."

"मग बास," अण्णा म्हणाले. दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं, म्हणून दोघं जरा भरभर चालू लागली.